व्हिसा संपलाय आणि बहिणीचं लग्न आहे: जाऊ का नको?

ताई,
मी मूळचा सांगलीचा. २०१९ साली एमएससाठी अमेरिकेत आलो, नंतर दुसऱ्या विद्यापीठात मटेरियल सायन्सच्या पीएचडीला लागलो. पाच वर्षांचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा जून २०२४ मध्ये संपला. इथे राहायला काही अडचण नाही असं विद्यापीठाच्या ऑफिसनं सांगितलं, म्हणून मी निवांत होतो. घरी शेवटचा गेलो डिसेंबर २०२३ मध्ये. आता धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, १७ मेपासून अधिक महिना लागतो, त्यामुळे मुहूर्त मेच्या पहिल्या पंधरवड्यातला धरलाय. लॅबमधले सगळे म्हणतात, सध्या देशाबाहेर पाऊलही टाकू नकोस. रूममेट म्हणतो, मेक्सिकोला जाऊन स्टँपिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करून ये आणि मग निर्धास्त घरी जा. काका म्हणतात, हल्ली अमेरिकेतल्या अमेरिकेतच रिन्यू होतो. बाबा म्हणतात, करिअर आधी, लग्न व्हिडिओ कॉलवर बघ. आई काहीच बोलत नाही. बहीण म्हणाली, ‘दादा, मग कान कोण पिळणार?’ पीएचडीच्या डिफेन्सला, म्हणजे प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, अजून दीडेक वर्ष आहे. काय करू? आणि यातला धोका घरी किती सांगू?
वधूचा भाऊ, ओहायो

वधूच्या भावा,

जा.

आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की ही बाई आपल्याला घाबरवते आहे. पण ‘जा’ म्हणायला माझं काही जात नाही. अडकायची पाळी आली तर अडकणार तू. तेव्हा कशाच्या जोरावर जा म्हणते आहे ते नीट वाच, आणि त्यातलं काही तुला लागू होत नसेल तर माझं खुशाल ऐकू नकोस.

संपलंय नेमकं काय, ते आधी. पासपोर्टातला व्हिसा हा फक्त अमेरिकेच्या दारात येऊन उभं राहण्याचा परवाना. आत किती राहायचं हे तुझा आय-२० (विद्यापीठानं दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद) आणि आय-९४ (अमेरिकेत शिरतानाची नोंद) ठरवतात. एफ-१ वाल्याच्या आय-९४ वर तारखेच्या जागी ‘डी/एस’ असतं, म्हणजे शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर मुक्काम कायदेशीर. त्यामुळे गेली दोन वर्षं तू काही लपूनछपून राहत नव्हतास. तुझ्या ऑफिसनं सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त एकदा भारतात गेलास की परत येताना नवा व्हिसा लागणार, त्याला पळवाट नाही.

काकांचं अगदीच खोटं नाही. २९ जानेवारी ते १ एप्रिल २०२४ या काळात अमेरिकेतच व्हिसा रिन्यू करून देण्याचा एक प्रयोग झाला होता. पण तो होता वीस हजार अर्जांपुरता आणि फक्त एच-१बीवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांसाठी. विद्यार्थी त्यात नव्हतेच. काकांना नमस्कार सांग आणि तो विषय बंद कर.

रूममेटचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, की व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. म्हणजे तुझ्यासाठी भारत. त्याआधीही मेक्सिको-कॅनडाचा रस्ता वाटतो तितका सोपा नव्हताच. संपलेल्या व्हिसावर या दोन देशांत तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं, अशी एक सवलत आहे खरी. पण तिथे गेल्यावर नव्या व्हिसाचा अर्ज केलास की ती सवलत गेली. अर्ज अडकला तर ओहायोला परत नाही, तिथूनच थेट भारत. शिवाय भारतीय पासपोर्टला मेक्सिकोत शिरायला अमेरिकेचा किंवा ठरावीक देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा तरी लागतो किंवा मेक्सिकोचा स्वतःचा. तुझ्याकडे यातलं काहीच नाही. रूममेट बहुधा पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या सीनियरची गोष्ट सांगतोय. व्हिसाच्या बाबतीत सीनियरची गोष्ट आणि आजचा नियम यांचा संबंध असेलच असं नाही.

तुझ्या त्याच सीनियर मंडळींनी ‘ड्रॉपबॉक्स’चीही भलामण केली असेल: पासपोर्ट टाकला, मुलाखत नाही, आठवड्यात व्हिसा हातात. तेही विसर. २ सप्टेंबर २०२५ पासून ही मुलाखतीची माफी जवळपास सगळ्यांचीच काढून घेतली, विद्यार्थी त्यात आले. म्हणजे काउंटरसमोर उभं राहणं आलं.

आता लॅबमधल्या लोकांकडे वळू. त्यांची भीती खोटी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तूही ऐकलं असशील. लग्नाकार्यासाठी, सुट्टीसाठी घरी गेलेल्या एच-१बीवाल्यांच्या ठरलेल्या मुलाखती भारतातल्या कॉन्सुलेट्सनी एकदम पुढे ढकलल्या, काहींच्या तीन-चार महिने. कारण सोशल मीडियाची तपासणी १५ डिसेंबरपासून त्यांनाही लागू झाली. विद्यार्थ्यांना ती जून २०२५ पासूनच आहे. नोकरीवाले लोक, इथे घर, गाडी, मुलांच्या शाळा, आणि स्वतः नाशिक नाहीतर नागपूरला बसून रात्रीच्या मीटिंगा करतायत. या लोकांचं काहीही चुकलेलं नव्हतं. म्हणून ‘माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, मला काय होणार’ या भरवशावर निघू नकोस.

माझं म्हणणं असं, की ‘अडकेन का?’ या प्रश्नावर डोकं घालवू नकोस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्या ऑफिसकडे नाही आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. ‘अडकलो तर काय होईल?’ याचं उत्तर मात्र घरबसल्या काढता येतं. ते झेपणारं असेल तर जायचं, नसेल तर राहायचं.

आणि तुझ्या बाबतीत ते झेपण्याजोगं आहे असं मला वाटतं, याचं मोठं कारण म्हणजे मे महिना. डिसेंबरच्या सुट्टीत अडकलेल्याचं जानेवारीचं सेमिस्टर डोक्यावर असतं. तू मेमध्ये अडकलास तर पुढचं सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी. मधला उन्हाळा ही तुझी सुट्टी, त्या काळात इथे नसलास तरी एफ-१ ला धक्का लागत नाही. जवळपास साडेतीन महिन्यांची ऐस आहे. विद्यार्थ्याला अडकायचंच असेल तर त्यासाठी वर्षातला याहून बरा काळ नाही. एक मर्यादा लक्षात ठेव: पाच महिन्यांहून जास्त सलग बाहेर राहिलास तर जुना आय-२० चालेलच असं नाही, नव्यानं सुरुवात करावी लागू शकते. म्हणून ऑगस्ट उजाडला आणि पासपोर्ट हातात नसला तर त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या ऑफिसला मेल जायला हवा. सप्टेंबरात जाग येऊन उपयोग नाही.

दुसरं कारण तुझ्या डिफेन्सचं. दीड वर्षानं तू ओपीटीवर जाशील, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करायच्या परवानगीवर. तेव्हा कधीतरी घरी जावंच लागेल, आणि तेव्हा काउंटरवर ‘शिकायला परत चाललोय’ हे साधं, सरळ उत्तर तुझ्याकडे नसेल. ओपीटीवरच्या माणसाला ईएडी कार्ड (कामाचा परवाना), नोकरीचं पत्र आणि आय-२० वरची सहा महिन्यांच्या आतली सही दाखवत फिरावं लागतं, आणि ‘मग परत कधी येणार?’ या प्रश्नाला उत्तर देताना घाम फुटतो. आज तू पीएचडीच्या मध्यावर असलेला, पगार विद्यापीठाकडून मिळणारा, काम अर्धं झालेला विद्यार्थी आहेस. व्हिसा मागायला याहून भक्कम जागा पुढची काही वर्षं तुला मिळणार नाही. ‘आत्ता धोका नको’ म्हणून थांबलास तर तो धोका टळत नाही, पुढे सरकतो.

बहिणीच्या लग्नाला न जाण्याचं दुःख मी मुद्दाम हिशेबात धरलेलं नाही. ते तू धरायचंस. कान काय, चुलतभाऊही पिळतो, मामेभाऊही पिळतो, त्याची सोय आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. तेवढ्यासाठी मी जा म्हटलं नसतं.

आता ज्या गोष्टी असतील तर मी माझं ‘जा’ मागे घेईन, त्या. पहिली म्हणजे एनआयडब्ल्यू. तुमच्या शाखेतली निम्मी पोरं पेपर चार झाले की ग्रीन कार्डची ती याचिका टाकतात. तू टाकली असशील तर डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, सरळ प्रश्न आहे, की तुमच्यासाठी कधी इमिग्रंट याचिका दाखल झाली आहे का. तिथे ‘हो’च लिहावं लागतं. खोटं लिहिलंस तर आयुष्यभराचं नुकसान. आणि ‘हो’ लिहिलंस की ‘शिकून परत जाणार’ हे सिद्ध करणं महाकठीण, कारण एफ-१ ला एच-१बीसारखी दोन्ही हेतू बाळगायची मुभा नाही. अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय तिकिटाच्या साइटकडे बघूही नकोस. दुसरी, पोलिस. कधी अटक, दारू पिऊन गाडी चालवण्याची केस, भांडणाची तक्रार, अगदी नंतर रद्द झालेली असली तरी. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद बंद केली गेली होती, त्यातल्या कित्येकांचं निमित्त असं किरकोळ होतं. नंतर नोंदी पूर्ववत झाल्या, पण तो महिना त्या पोरांनी कसा काढला असेल! असं काही असेल तर कोर्टाचे कागद घेऊन आधी वकील गाठ, विमान नंतर. तिसरी गोष्ट तुझा गाइड.

गाइडशी बोलणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम, आणि आपली मुलं नेमकं तेच टाळतात. ‘दोन आठवडे घरी जातो, बहिणीचं लग्न आहे’ एवढंच सांगतात. असं नाही चालत. स्पष्ट विचार: व्हिसाला उशीर होऊन मी जुलैअखेर आलो तर चालेल का? ऑक्टोबर उजाडला तर? उन्हाळ्याचा पगार ज्या ग्रँटमधून येतो, त्यातून तो मी भारतात असताना देता येतो का? बहुतेक ठिकाणी देशाबाहेर बसून पगारी काम करण्यावर एचआरची बंधनं असतात. तुमच्या शाखेत तर निर्यात नियंत्रणाचाही प्रश्न येतो, म्हणजे लॅबचा डेटा लॅपटॉपवर घेऊन देशाबाहेर जावं का नाही, हे आधी विचारावं लागतं. लॅपटॉपचं उत्तर ‘नाही’ आलं तर रिकामा लॅपटॉप घेऊन जा, रडारड नको. आणि बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं असं बोलणं झालं’ अशी चार ओळींची मेल गाइडला टाक. उद्या डिपार्टमेंटनं विचारलं तर कागद असावा.

गाइड कपाळाला आठ्या घालून म्हणाला की ऑगस्टपर्यंत आला नाहीस तर तुझी जागा राखून ठेवू शकत नाही, तर मग बाबांचं ऐक. लग्न स्क्रीनवर बघ. यात तुझी काही हार नाही.

तो हो म्हणाला असं धरून पुढे चालू. क्रम असा ठेव: आधी स्लॉट (मुलाखतीची वेळ), मग तिकीट. उलटं करणारे दर वर्षी भेटतात. अर्जाचे १८५ डॉलर भरलेस की ती पावती वर्षभर चालते, म्हणजे आजच भरून ठेवायला हरकत नाही. सेव्हिसचे ३५० डॉलर परत भरावे लागतील का, ते आय-२० वरच्या नंबरवरून कळेल. एमएसची नोंद ट्रान्सफर होऊन पीएचडीला आली असेल आणि नंबर तोच असेल तर परत भरायचे नाहीत. नंबर बदलला असेल तर नवी पावती शोध.

मुंबईतच स्लॉट मिळेल असं धरून बसू नकोस. दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, कुठेही चालतं. सांगलीकराला हैदराबाद काही फार लांब नाही. पण पोर्टलवर सारखं सारखं रिफ्रेश करत बसू नकोस, खातं लॉक होतं. आणि तारीख बदलायची मुभा फुकटात एकदाच आहे, १ जानेवारी २०२५ पासून. दुसऱ्यांदा बदलायची तर पुन्हा फी. म्हणून हाती लागलेली तारीख चाळवण्याआधी घरच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक समोर घेऊन बस. कुणी ‘भाऊ, दहा हजारात आठवड्यात स्लॉट’ म्हणाला तर ब्लॉक कर. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासानं बॉट लावून घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट्स एका झटक्यात रद्द केल्या होत्या, आणि त्या खात्यांची बुकिंगची मुभाही थांबवली होती.

स्लॉट लग्नाआधीचा मिळाला तर उत्तमच. एप्रिलअखेर निघायला तुझं कोर्सवर्क आड येत नसावं. पण मे-जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांची झुंबड असते, तेव्हा लग्नानंतरचा मिळायची शक्यता जास्त. तोही चालेल. अधिक महिन्यात मंगलकार्यं होत नाहीत, कॉन्सुलेट चालू असतं. धोंड्याचा महिना म्हटल्यावर नव्या जावयाला तेहतीस अनारसे जाणारच आहेत, तळताना मोडलेले तुझ्या वाट्याला येतील. जून उलटून जाणारी तारीख मिळत असेल तर मात्र पुन्हा एकदा गाइडच्या दारात उभा राहा आणि मगच तिकीट काढ. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारंच घे, चार पैसे जास्त गेले तरी. आणि जाताना शक्यतो मुंबई किंवा दिल्लीला थेट उतरणारं विमान बघ. लंडन किंवा युरोपात नुसतं विमान बदलायचं असलं तरी काही ठिकाणी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिटचे नियम लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच सवलती चालू अमेरिकी व्हिसा असणाऱ्यांसाठी आहेत. चेक-इनच्या काउंटरवर हे कळणं फार वाईट.

निघण्याआधी ओहायोतली कामं. आय-२० वर प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. शेवटची तारीख आणि पगाराचे आकडे आजच्या परिस्थितीशी जुळतात का बघ, नसतील तर नवा आय-२० काढ. भाड्याच्या घराचं लीज जुलैअखेर संपत असेल तर सामान कोण हलवणार, हे आत्ताच ठरव. गाडीची किल्ली आणि टपाल कुणाकडे, तेही.

डीएस-१६० भरताना घाई करू नकोस. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची सगळी खाती त्यात लिहायची असतात, सोडून दिलेलं ट्विटरही. आणि ती सगळी प्रोफाइल्स ‘पब्लिक’ करून ठेवायची, असा नियम आहे. अर्जाच्या आदल्या रात्री जुन्या पोस्ट घाऊक उडवत बसू नकोस. काय लिहिलंयस ते मात्र एकदा स्वतः वाचून घे, म्हणजे कुणी विचारलंच तर आठवायला वेळ लागणार नाही. लिंक्डइनवरचा हुद्दा आणि अर्जातला हुद्दा एकच आहे का, हे बघायचं फार जणांच्या राहून जातं. अर्जाचा जो कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटला जोडलास तोच छापून ने. मध्येच नवा फॉर्म भरलास तर नंबर बदलतो आणि गेटवर अडतं.

दोन फेऱ्या असतात: आधी बायोमेट्रिक, म्हणजे फोटो आणि बोटांचे ठसे, मग मुलाखत. दोन्ही एकाच शहरात, लागोपाठच्या दिवशी घे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघून सकाळी सीएसएमटीला उतरून थेट बांद्रा-कुर्ला गाठायचं धाडस करू नकोस. गाडी लेट झाली की सगळंच लेट. आदल्या दिवशी कुणा नातेवाइकाकडे पोच. मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग काही आत नेता येत नाही. बाबांना सोबत ने आणि फोन त्यांच्याकडे दे. फक्त एक पारदर्शक फोल्डर हातात.

मुलाखत उभ्या उभ्या, काचेपलीकडच्या माणसाशी, आणि बहुतेकदा दोन-तीन मिनिटांची. तुला पहिला प्रश्न हाच येणार, की तुम्ही काय संशोधन करता. इथेच पीएचडीवाले माती खातात. समजा तुझं काम बॅटरीवर आहे. ‘मी लिथियम-रिच लेयर्ड ऑक्साइड कॅथोडमधल्या ऑक्सिजन रेडॉक्सवर...’ असं सुरू केलंस की समोरच्याचे हात कीबोर्डवर थांबतात. त्याला न कळलेला प्रत्येक शब्द त्याला संवेदनशील तंत्रज्ञान वाटू शकतो. त्याऐवजी: ‘रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या लवकर का खराब होतात, हे मी अभ्यासतो. काम प्रकाशित होणारं आहे.’ संपलं. विचारलं तर पुढे सांग. हे इंग्रजीत, मोठ्यानं, तुझ्या शास्त्राशी संबंध नसलेल्या माणसासमोर म्हणून बघ. त्याला कळलं नाही तर बदल.

मग पैसे कोण देतं, गाइड कोण, संपणार कधी, नंतर काय. ‘नंतर काय’ला खरं उत्तर तयार ठेव. कायद्याचं कलम २१४(बी) असं मानतं, की समोर आलेला प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच आलाय, आणि तसं नाही हे दाखवणं तुझ्याकडे. पाठ केलेलं देशप्रेम ते लोक दिवसाला शंभरदा ऐकतात. तुझ्या विषयात भारतात काय चाललंय, तू कुठे काम करू शकशील, हे दोन वाक्यांत, ठोस नावं घेऊन सांगता आलं पाहिजे. आणि ते खरं असलं पाहिजे.

मटेरियल सायन्स म्हटल्यावर २२१(जी) ची चिठ्ठी मिळू शकते, हे मनाशी धरूनच जा. म्हणजे शेवटचा नकार नव्हे, आणखी तपासणी. त्यात ते बहुधा सीव्ही, प्रकाशनांची यादी, संशोधनाचा गोषवारा आणि गाइडची माहिती मागतात. हे सगळं आधीच तयार ठेवलंस तर मागितल्या दिवशी संध्याकाळी पाठवून मोकळा होशील. नंतर वेबसाइटवर तुझ्या अर्जापुढे ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसेल. तपासणी चालू असतानाही तिथे तोच शब्द दिसतो. तो बघून आईला फोन करू नकोस. तपासणीला किती आठवडे लागतील याचं वेळापत्रक कुणाकडेही नाही, आणि रोज मेल पाठवून ती लवकर होत नाही. खरा नकार २१४(बी) चा. तो आला तर लगेच दुसऱ्या दिवशी तेच कागद घेऊन पुन्हा अर्ज भरू नकोस. आधी गाइड आणि ऑफिसशी बोल.

व्हिसा मिळाला तर परतीला विशेष काही नाही. चालू विद्यार्थ्याला ‘कोर्सच्या तीस दिवस आधीच प्रवेश’ ही अट लागत नाही. आय-२०, गाइडचं पत्र आणि पगाराचं पत्र हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इन सामानात नको. उतरल्यावर त्याच आठवड्यात नवा आय-९४ उघडून एफ-१ आणि ‘डी/एस’ नीट लागलंय का बघ. चुकीच्या नोंदी होतात आणि वेळेत सांगितल्या तर दुरुस्तही होतात.

राहिला घरचा प्रश्न. किती सांगू, म्हणून विचारतोस. आईबाबांना सगळं सांग, आणि मोघम नको. ‘थोडा रिस्क आहे’ म्हटलंस की बाबा सगळंच रद्द करा म्हणतील. ‘जूनमध्ये परत जाईन अशी शक्यता जास्त, पण ऑगस्टपर्यंत घरी राहावं लागेल अशीही शक्यता आहे, आणि त्याची सोय मी करून ठेवली आहे’ असं सांग. गाइडची मेल दाखव. आई गप्प आहे म्हणजे तिला यातलं कळत नाही असं धरू नकोस, तिच्याशी वेगळं बोल. बहिणीला मात्र स्लॉट हातात आल्याशिवाय ‘येतो’ म्हणू नकोस.

बाकी गोतावळ्याला तारखा सांगायच्या नाहीत. नाहीतर मांडवात अक्षता पडायच्या आधी तीसएक जण विचारतील, ‘झाला का व्हिसा?’ आणि त्यातला एक जण हमखास त्याच्या साडूच्या मुलाचा कसा नाकारला ते सांगेल. बाबांना एवढंच सांग, की लग्नानंतर नव्या जोडप्याला घेऊन जोतिबाला किंवा जेजुरीला जायचं असेल तर बायोमेट्रिक आणि मुलाखतीचे दोन दिवस, शिवाय पुढेमागे एकेक दिवस, सोडून गाडी ठरवा.

तुझी
ताई